सर्व्हरलेस कोडसाठी लॅपटॉपवर काय मांडावं आणि काय क्लाउडवरच सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पायथनमध्ये एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचा क्लाउड) लॅम्बडाची फंक्शन्स लिहिता, म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता, हाक आली की चालणारा कोड. काही एपीआय गेटवेच्या (वेबवरून आलेल्या विनंत्या फंक्शनपर्यंत पोचवणाऱ्या सेवेच्या) मागे आहेत. एक फंक्शन एसथ्री बकेटमध्ये (फाईली साठवण्याच्या जागेत) सीएसव्ही फाईल आली की चालतं, डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये नोंदी करतं आणि पुढचं काम एसक्यूएस या सेवेच्या मेसेजच्या रांगेत टाकतं. एक ओळ बदलली तरी डिप्लॉय करायचं (कोड क्लाउडवर चढवायचा), थांबायचं आणि मग क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या लॉग ठेवणाऱ्या सेवेत) लॉग शोधत बसायचं. टीममधले सगळे एकाच डेव्ह स्टॅकवर, म्हणजे चाचणीसाठी एकत्र उभ्या केलेल्या सेवांच्या संचावर, डिप्लॉय करतात, त्यामुळे एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर चढतो. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. आणि तुम्हाला हवं आहे अख्खं एडब्ल्यूएस लॅपटॉपवर चालवणारं एखादं टूल. सॅम (सर्व्हरलेस कोड बांधण्याचं आणि चढवण्याचं एडब्ल्यूएसचं टूल) घ्यावं, लोकलस्टॅक (एडब्ल्यूएसच्या सेवांची लॅपटॉपवर नक्कल करणारं टूल) घ्यावं की आणखी काही? जुना कोड सगळा बदलावा लागेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

टूलचं नाव सांगण्याआधी प्रश्न जरा उलगडू. कोड बदलल्यावर तुम्ही दर वेळी दोन वेगळ्या गोष्टी विचारत असता. एक, मी लिहिलेला हिशेब, पडताळणी, रूपांतर बरोबर आहे का? दोन, हे फंक्शन आजूबाजूच्या सेवांना नीट जोडलं गेलं आहे का? म्हणजे परवानग्या, इव्हेंटचा आकार, टाइमआउट, एकच मेसेज दोनदा येणं वगैरे. पहिल्याचं उत्तर लॅपटॉप सेकंदाभरात देऊ शकतो आणि त्यासाठी क्लाउडची नक्कल जवळजवळ लागतच नाही. दुसऱ्याचं खात्रीचं उत्तर फक्त खरा क्लाउड देतो. आत्ता तुम्ही दोन्ही गोष्टी क्लाउडला विचारता, म्हणून ताटकळत बसावं लागतं. उद्या अख्खी नक्कल लॅपटॉपवर आणलीत तर दोन्ही गोष्टी नकलेला विचाराल, आणि दुसरीचं उत्तर अधूनमधून चुकीचं येईल. ते चुकीचं आहे हे कळेल थेट प्रॉडक्शनमध्ये. म्हणून माझी मांडणी नेहमी या विभागणीवर उभी असते: स्वतःचा कोड लॅपटॉपवर, जोडण्या स्वतःच्या छोट्या पण खऱ्या स्टॅकवर, आणि नक्कल अगदी मोजक्या ठिकाणी.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. प्रत्येक डेव्हलपरला वेगळं खातं किंवा निदान वेगळा स्टॅक मिळतो का, कंपनीचे नियम डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं टूल) चालवू देतात का, इंटरनेट भरवशाचं आहे का, फंक्शन्स खासगी नेटवर्कमधल्या डेटाबेसशी बोलतात का. यातलं काही मिळत नसेल तर नकलेवरचा भार वाढवावा लागतो, ते कसं ते पुढे येईलच.

सुरुवात पायापासून. लॅम्बडा लिनक्सवर चालतं, पायथन ३.१२ आणि त्यापुढची रनटाइम्स (कोड चालवणारी तयार वातावरणं) ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर आहेत, तेव्हा विंडोजवर काम करताना डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) घ्या आणि सगळं त्याच्या आत ठेवा. प्रोजेक्टचं फोल्डरही लिनक्सच्या बाजूलाच हवं. विंडोजच्या सी ड्राइव्हवरचं फोल्डर लिनक्समधून वापरलं तर फाईल वाचण्या-लिहिण्याचा वेग इतका खाली येतो की टेस्ट उगाचच रेंगाळतात, आणि लोक दोष पायथनला देतात. डब्ल्यूएसएल २ आपसूक निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. तुमच्या ८ जीबीत ते जड जाईल, म्हणून त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये मेमरीची मर्यादा स्वतः घालून द्या. ३ जीबीवर सुरुवात करून पाहा.

पायथनची आवृत्ती लॅम्बडाच्या रनटाइमशी तंतोतंत जुळवा. तिथे ३.१२ असेल तर इथेही ३.१२. आवृत्त्या सांभाळायला पायएन्व्ह किंवा यूव्ही यातलं काहीही चालेल, पण आवृत्तीचा आकडा रेपॉझिटरीतल्या फाईलमध्ये लिहिलेला असू द्या. प्रत्येकाने लक्षात ठेवायची ती गोष्ट नाही. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्याही लॉक फाईलने बांधून टाका. बोटोथ्री (पायथनमधून एडब्ल्यूएसशी बोलणारी लायब्ररी) रनटाइममध्ये आधीच असतं म्हणून पुष्कळ जण ते पॅकेजमध्ये घालत नाहीत. मी घालतो, कारण रनटाइममधली आवृत्ती एडब्ल्यूएस त्यांच्या वेळापत्रकानुसार बदलतं आणि टेस्टमध्ये वापरलेलीच आवृत्ती वर जावी असं मला वाटतं.

यापुढची अडचण सी किंवा रस्टमध्ये लिहिलेल्या लायब्रऱ्यांची. सायकोपीजी, नंपाय, पांडाज, क्रिप्टोग्राफी या लायब्रऱ्यांबरोबर यंत्रभाषेत बदललेल्या फाईली येतात, आणि त्या ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोसेसर व पायथनच्या आवृत्तीप्रमाणे वेगळ्या असतात. मॅकवर किंवा विंडोजवर पिपने आणलेलं फोल्डर झिप करून वर चढवलं की मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही असा संदेश येतो, आणि फाईल तर झिपमध्ये दिसत असते. माणूस तासन्‌तास पाथ तपासत राहतो. उपाय साधा आहे. सॅम बिल्ड करताना कंटेनर वापरण्याचा पर्याय द्या, म्हणजे पॅकेज लॅम्बडासारख्याच लिनक्समध्ये तयार होतं. कंटेनर नको असेल तर पिपला प्लॅटफॉर्म म्हणून मॅनीलिनक्स (बहुतेक लिनक्सवर चालणाऱ्या तयार पॅकेजचा प्रकार) सांगा आणि फक्त तयार बायनरी घ्यायला लावा. फंक्शन आर्म प्रोसेसरवर आहे की एक्स८६ वर, हे टेम्प्लेटमध्ये (स्टॅकमध्ये काय काय हवं ते लिहिलेल्या फाईलमध्ये) स्पष्ट लिहिलेलं असावं. आर्मचा पर्याय लॅम्बडात २०२१ पासून आहे आणि बरेचदा स्वस्तही पडतो, पण इंटेलच्या लॅपटॉपवर आर्मचा कंटेनर चालवणं फार संथ असतं. झिप उघडल्यावर लेयर (फंक्शनला वेगळी जोडलेली लायब्रऱ्यांची पॅकेजं) धरून २५० एमबीची मर्यादा आहे, हेही आत्ताच ध्यानात ठेवा. पांडाज आणि सोबतचा लवाजमा ती लवकर गाठतो. तशी वेळ आली तर १० जीबीपर्यंतची कंटेनर इमेज चालते.

आता मुख्य भाग, आणि यात टूल कुठलंच नाही. कोडची रचना बदला. हँडलर म्हणजे लॅम्बडा ज्याला हाक मारतं ते फंक्शन. बहुतेक प्रकल्पांत मला त्या एकाच फंक्शनमध्ये सगळं कोंबलेलं दिसतं: इव्हेंट उलगडणं, एसथ्रीतून फाईल आणणं, ओळी तपासणं, हिशेब, डायनॅमोडीबीत लिहिणं, रांगेत टाकणं. अशा कोडची परीक्षा घ्यायची तर अख्खा क्लाउड लागणारच. हँडलर इतका बारीक करा की त्यात तीनच कामं उरतील. इव्हेंटमधून हवं ते काढणं, आतल्या साध्या फंक्शनला ते देणं, आणि परत आलेलं उत्तर योग्य आकारात पाठवणं. आतल्या फंक्शनला इव्हेंट म्हणजे काय हे माहीतच नसावं. त्याला मिळाव्यात सीएसव्हीच्या ओळी, त्याने परत द्याव्यात तपासलेल्या नोंदी आणि नाकारलेल्या ओळींची कारणं. डायनॅमोडीबीत लिहिणारा भाग वेगळ्या छोट्या क्लासमध्ये ठेवा आणि तो बाहेरून आत द्या.

एवढं केलंत की तुमच्या रोजच्या कामाचा मोठा हिस्सा पायटेस्टने (पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलने) भागतो. डिबगर लावायचा तर तोही थेट टेस्टवर लागतो, कंटेनरच्या आत शिरायची गरज राहत नाही. चालू वेळसुद्धा बाहेरूनच द्या. लॅम्बडाचं घड्याळ यूटीसीवर असतं आणि लॅपटॉपचं स्थानिक वेळेवर. ‘आजच्या नोंदी’ काढणारा कोड त्यामुळे लॅपटॉपवर बरोबर चालतो आणि वर दिवसातले काही तास चुकतो. असा दोष नुसत्या नजरेने सापडणं फार अवघड. वेळ हा पॅरामीटर असेल तर तो एका टेस्टमध्ये पकडता येतो.

हँडलरसाठीही टेस्ट हव्यात, आणि तिथे इव्हेंट खरा हवा. सॅममध्ये नमुना इव्हेंट बनवून देणारी आज्ञा आहे, सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण मी डेव्ह स्टॅकवर फंक्शन एकदा चालवून आलेला इव्हेंट जसाच्या तसा लॉग करतो, त्यातली वैयक्तिक माहिती आणि टोकन काढून टाकतो आणि ती जेसन फाईल रेपॉझिटरीत टेस्टशेजारी ठेवतो. हाताने बनवलेल्या इव्हेंटमध्ये आपण आपल्याला ठाऊक असलेलंच लिहितो, अडचण मात्र ठाऊक नसलेल्या भागातून येते.

तुमच्याच फंक्शनचं उदाहरण घ्या. एसथ्रीच्या इव्हेंटमध्ये फाईलचं नाव यूआरएल एन्कोड होऊन येतं. नावात रिकामी जागा असेल तर तिथे अधिकचं चिन्ह दिसतं आणि देवनागरी अक्षरांच्या जागी टक्केचिन्हांची माळ. ते आधी उलगडलं नाही तर फाईल समोर असूनही सापडत नाही. ‘टेस्ट डॉट सीएसव्ही’ अशा सरळ नावावर हे कधीच दिसणार नाही. म्हणून एका साठवलेल्या इव्हेंटमध्ये मुद्दाम ‘मार्च विक्री’ असं नाव ठेवा. एपीआय गेटवेचंही तसंच. रेस्ट एपीआयच्या इव्हेंटमध्ये एचटीटीपी मेथड सगळ्यात वरच्या पातळीवर असते, तर एचटीटीपी एपीआयच्या २.० आकारात ती रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टच्या आत जाते. बॉडी आली तर ती स्ट्रिंग असते आणि कधी कधी बेस६४ मध्ये गुंडाळलेली. खरा इव्हेंट साठवला असेल तर यातलं काही पाठ करावं लागत नाही.

आणखी एक टेस्ट मी प्रत्येक फंक्शनला लावतो: तोच इव्हेंट एकाच प्रक्रियेत लागोपाठ दोनदा द्यायचा. ती दोन वेगवेगळे दोष दाखवते. लॅम्बडा एकदा उभं केलेलं वातावरण पुढच्या कॉलला पुन्हा वापरतं, त्यामुळे फाईलच्या वरच्या भागात ठेवलेली यादी किंवा डिक्शनरी रिकामी होत नाही आणि आधीच्या कॉलचा माल पुढच्यात मिसळतो. हा एक. दुसरा असा की एसथ्री लॅम्बडाला असिंक्रोनस हाक मारतं आणि फंक्शन पडलं तर लॅम्बडा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करतं. एसक्यूएसची साधी रांगसुद्धा मेसेज निदान एकदा पोचवण्याची हमी देते, एकदाच पोचवण्याची देत नाही. म्हणजे तीच फाईल दोनदा आली तरी नोंद एकच राहिली पाहिजे. डायनॅमोडीबीत ‘ही की आधी नसेल तरच लिही’ अशी अट घालता येते, ती घाला आणि टेस्टमध्ये नोंदी मोजा.

इथवर कुठलीही नक्कल लागली नाही. आता ती कुठे घ्यायची ते पाहू.

बोटोथ्रीचे कॉल टेस्टच्या आतल्या आत अडवून खोटं उत्तर देणारी मोटो ही लायब्ररी हलकी आहे आणि तुमच्या लॅपटॉपला सहज झेपेल. एसथ्रीत फाईल ठेवली, काढली, रांगेत मेसेज टाकला, एवढ्यासाठी ती पुरते. टेस्ट सुरू होताना एडब्ल्यूएसच्या क्रेडेन्शियल्सच्या (खात्यात शिरण्याच्या किल्ल्यांच्या) जागी खोट्या किंमती घालणारं फिक्स्चर, म्हणजे टेस्टआधी चालणारी तयारी, मात्र आधी लिहा. एखादा कॉल अडवायचा राहिलाच तर तो खऱ्या खात्यापर्यंत न जाता परवानगीच्या चुकीवर थांबला पाहिजे.

डायनॅमोडीबीसाठी मी डायनॅमोडीबी लोकल वापरतो. ते एडब्ल्यूएसनेच दिलेलं आहे, जावावर चालतं, डॉकर इमेजही मिळते आणि सहसा पोर्ट ८००० वर ऐकतं. की, इंडेक्स, अटी घालून लिहिणं, क्वेरीची वाक्यरचना हे सगळं त्यावर मनासारखं तपासता येतं. एंडपॉइंट (सेवेचा पत्ता) कोडमध्ये लिहून ठेवू नका. सध्याची एसडीके (बोटोथ्रीसारख्या लायब्रऱ्या) एंडपॉइंट यूआरएल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतात, तेव्हा तोच कोड लॅपटॉपवर इकडे आणि क्लाउडवर तिकडे बोलतो. दोन गोष्टी मात्र डायनॅमोडीबी लोकलवर दिसत नाहीत. एक म्हणजे क्षमता संपल्यावर होणारं थ्रॉटलिंग (विनंत्या नाकारणं). दुसरी पानांची. खरं डायनॅमोडीबी एका क्वेरीत १ एमबीपर्यंतच डेटा वाचतं आणि पुढच्या पानाची खूण देतं. लोकल टेबलमध्ये तुमच्या पाच-दहा नोंदी असतात, दुसरं पान कधी येतच नाही, आणि पुढचं पान मागणारा कोड लिहायचा राहून जातो. टेस्टमध्ये क्वेरीची मर्यादा मुद्दाम २ ठेवा. पानं आपोआप पडतील. बोटोथ्री दशांश संख्या फ्लोटमध्ये घेत नाही, डेसिमल मागतं, आणि वाचलेला डेसिमल जेसनमध्ये टाकताना पुन्हा चूक येते. किंमत किंवा वजन असलेल्या प्रत्येक टेबलाला हे लागू आहे, तेव्हा ते रूपांतर त्या छोट्या क्लासमध्येच उरकून टाका.

लोकलस्टॅक. पोर्ट ४५६६ वर ते पुष्कळ सेवांची नक्कल एकत्र उभी करतं आणि ते काम सोपं नाही, त्याबद्दल मला आदर आहे. क्लाउडचं खातंच मिळत नसेल, नेट भरवशाचं नसेल, किंवा सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) प्रत्येक पुल रिक्वेस्टसाठी पूर्ण प्रवाह चालवून पाहायचा असेल तर ते जरूर घ्या. रोजच्या कामाचा आधार म्हणून, आणि त्यातही ८ जीबीच्या यंत्रावर, मी ते सुचवणार नाही. प्रत्येक सेवा सारख्याच खोलीने उतरलेली नाही, सगळं फुकट आवृत्तीत मिळत नाही, आणि तुमच्या कोडमधला दोष कुठला व नकलेतला फरक कुठला हे शोधण्यात जो वेळ जातो त्यात खरा स्टॅक कितीतरी वेळा अपडेट झाला असता.

सॅम लोकल हे हलक्या नकला आणि लोकलस्टॅक यांच्या मध्ये कुठेतरी बसतं. ते लॅम्बडाच्या रनटाइमची इमेज डॉकरमध्ये उभी करून त्यात तुमचं फंक्शन चालवतं. एडब्ल्यूएसच्या त्या इमेजमध्ये लॅम्बडाच्या रनटाइम इंटरफेसची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम असतो, म्हणून सॅमशिवाय नुसत्या डॉकरनेही हे जमतं. पॅकेज नीट बांधलं गेलं का, इम्पोर्ट होतं का, हँडलरचं नाव टेम्प्लेटशी जुळतं का, यासाठी ते उत्तम. मी पॅकेजच्या रचनेला हात लावला की ते चालवतो, प्रत्येक ओळीमागे नाही. कारण दर कॉलला नवीन कंटेनर उभा राहतो आणि तो वेळ साचत जातो. कंटेनर गरम ठेवण्याचा पर्याय आहे, एपीआय तपासताना तो द्या. पर्याय न दिल्यास दर वेळी वातावरण कोरं मिळतं, आणि मघाशी सांगितलेला मिसळण्याचा दोष तिथे लपून राहतो.

सॅम लोकलवर चाललं म्हणून वर चालेल असं धरू नका, याची दोन मोठी कारणं आहेत. पहिलं प्रोसेसरचं. लॅम्बडात मेमरी जेवढी घ्याल त्या प्रमाणात सीपीयू मिळतो. साधारण १,७६९ एमबीला एक पूर्ण व्हीसीपीयू. काही न सांगता बनवलेल्या फंक्शनला मिळतात १२८ एमबी आणि ३ सेकंदांचा टाइमआउट. लॅपटॉपवर सेकंदात होणारं सीएसव्हीचं काम १२८ एमबीवर त्या ३ सेकंदांत बसेलच असं नाही. दोन्ही आकडे टेम्प्लेटमध्ये विचार करून लिहा. दुसरं कारण परवानग्यांचं. लॅपटॉपवर फंक्शन तुमच्या स्वतःच्या क्रेडेन्शियल्सवर चालतं, आणि डेव्ह खात्यात तुम्हाला बहुधा जवळजवळ सगळं करता येतं. क्लाउडमध्ये ते त्याच्या रोलवर (त्याला नेमून दिलेल्या परवानग्यांच्या संचावर) चालतं, आणि त्या रोलला दिलेलं तेवढंच करता येतं. पहिल्या डिप्लॉयनंतर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो तो बहुतेक वेळा याचमुळे.

इथे स्वतःच्या स्टॅकची गरज लागते, आणि तुमच्या टीमचं भांडणही इथेच मिटतं. प्रत्येक डेव्हलपरचं वेगळं खातं मिळालं तर सर्वात चांगलं. नाही मिळालं तर एकाच डेव्ह खात्यात प्रत्येकाचा वेगळ्या नावाचा स्टॅक उभा करा. त्यासाठी टेम्प्लेटमध्ये टेबल, रांग, बकेट यांची नावं पक्की लिहिलेली नसावीत. क्लाउडफॉर्मेशनला (टेम्प्लेटवरून स्टॅक उभा करणाऱ्या सेवेला) नावं देऊ द्या आणि फंक्शनला ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पोचवा. बकेटचं नाव सहसा जगभरात एकमेव असावं लागतं, त्यामुळे पक्कं नाव लिहिलेला टेम्प्लेट दुसऱ्याच्या स्टॅकवर पहिल्याच फटक्यात अडतो.

स्टॅक उभा राहिल्यावर सॅम सिंक ही आज्ञा वॉच पर्यायासह चालवून ठेवा. फक्त कोड बदलला असेल तर ती क्लाउडफॉर्मेशनला वळसा घालून थेट फंक्शन अपडेट करते. मिनिटांचं काम सेकंदांवर येतं, आणि तुम्हाला हवा असलेला वेग तुम्ही मागितला होता त्याहून खऱ्या जागी मिळतो. शेजारच्या टर्मिनलमध्ये सॅम लॉग्ज टेल पर्यायाने चालू ठेवलं तर क्लाउडवॉचच्या पानावर जावंच लागत नाही. साठवलेला इव्हेंट घेऊन सॅम रिमोट इन्व्होकने वरचं फंक्शन थेट चालवता येतं. सॅम सिंक फक्त स्वतःच्या स्टॅकसाठी वापरा. त्याने टेम्प्लेट आणि प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडतं, तेव्हा सामायिक स्टॅक आणि प्रॉडक्शन नेहमीच्या पाइपलाइननेच गेले पाहिजेत.

या स्टॅकवर काय तपासायचं? रोलच्या परवानग्या. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याचा वेळ), जो फंक्शनच्या टाइमआउटच्या निदान सहापट ठेवावा असं एडब्ल्यूएसच सांगतं. नुसती बनवलेली रांग ३० सेकंदांवर असते. दहा मेसेजच्या गठ्ठ्यात एक खराब असेल तर दहाही परत येतात की तेवढा एकच. फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये ठेवलं असेल तर बाहेरच्या एपीआयपर्यंत ते पोचतं का, कारण तिथे नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून बाहेर नेणारी सेवा) किंवा तशी वाट नसेल तर इंटरनेट बंद असतं आणि फंक्शन काही न बोलता टाइमआउटपर्यंत लटकतं.

पैशाची काळजी रास्त आहे. लॅम्बडाचे महिन्याला १० लाख कॉल आणि ४ लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले चालण्याचा वेळ) फुकट असतात, एका डेव्हलपरच्या कामाला ते भरपूर. बिल वाढवतात त्या बसून राहूनही तासावर पैसे घेणाऱ्या गोष्टी, म्हणजे नॅट गेटवे आणि आरडीएस (सतत चालणारा डेटाबेस). त्या प्रत्येकाच्या स्टॅकमध्ये नकोत, टीममध्ये एकच ठेवा. बजेटचा इशारा पहिल्याच दिवशी लावा, पण तो उशिराने येतो आणि आपण होऊन काही थांबवत नाही, हे जाणून लावा. खरी भीती फेऱ्याची: फंक्शन ज्या बकेटमधल्या फाईलवर चालतं त्याच बकेटमध्ये निकाल लिहितं, त्या फाईलने ते पुन्हा चालतं, आणि हे चालूच राहू शकतं. निकालाची बकेट वेगळी ठेवा. तरीही काही सुटलंच तर त्या फंक्शनची रिझर्व्ह्ड कॉन्करन्सी (एका वेळी किती कॉल चालतील ती मर्यादा) शून्य करा, ते नवे कॉल घेणं लगेच थांबवतं. ही आज्ञा टीममधल्या प्रत्येकाला येत असावी.

क्रेडेन्शियल्सबद्दल माझं मत ठाम आहे. कायमस्वरूपी ॲक्सेस की लॅपटॉपवर नकोच. कंपनीत आयडेंटिटी सेंटर (एडब्ल्यूएसची एकत्रित लॉगिनची सेवा) असेल तर एडब्ल्यूएस सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून चालवायचं टूल, एसएसओने (एकाच लॉगिनने) जोडा. मिळणारी क्रेडेन्शियल्स तात्पुरती असतात आणि आपोआप संपतात. डीफॉल्ट प्रोफाइल रिकामं ठेवा. प्रत्येक टर्मिनलमध्ये प्रोफाइलचं नाव द्यावं लागणं थोडं कटकटीचं आहे, पण चुकून दुसऱ्याच खात्यावर डिप्लॉय होण्याची शक्यता त्याने फार कमी होते. प्रॉडक्शनसाठीचं प्रोफाइल लॅपटॉपवर हवंच असेल तर ते फक्त वाचण्यापुरतं.

दुसऱ्या क्लाउडवरचे वाचकही इथे असतील म्हणून थोडक्यात. अझूर फंक्शन्सची कोअर टूल्स बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. फंक्शन पोर्ट ७०७१ वर चालतं आणि स्टोरेजच्या जागी अझुराइट ही नक्कल घेता येते. लोकल सेटिंग्जची फाईल गिटमध्ये जाणार नाही एवढं पाहा. गूगलकडे फंक्शन्स फ्रेमवर्क तुमचं फंक्शन पोर्ट ८०८० वर साध्या वेब सर्व्हरसारखं उभं करतं, आणि फायरबेस वापरत असाल तर त्याचा इम्युलेटर संच चांगला आहे. क्लाउडफ्लेअर वर्कर्सची स्थिती सगळ्यांत बरी, कारण त्यांचं वर्करडी हे रनटाइम २०२२ पासून ओपन सोर्स आहे आणि त्यांचं रँगलर हे टूल लॅपटॉपवर तेच चालवतं. तिथे लॅपटॉप आणि क्लाउड यांतलं अंतर खूपच कमी. परवानग्या आणि जोडण्या मात्र कुठेही गेलात तरी खऱ्या ठिकाणीच तपासाव्या लागतात.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: जुना सगळा कोड बदलावा लागेल का? नाही. तुम्ही सर्वांत जास्त वेळा हात लावता ते एकच फंक्शन निवडा, तुमच्या वर्णनावरून ते सीएसव्हीचं दिसतं. कोडला हात लावण्याआधी त्याचा खरा इव्हेंट आणि एक खरी फाईल साठवा, आणि मोटो वापरून आहे त्या हँडलरभोवती एक टेस्ट लिहा: ही फाईल गेली की टेबलात या नोंदी आणि रांगेत हे मेसेज. ती हिरवी झाली की मग आतून एकेक भाग बाहेर काढा. आधी ओळी तपासण्याचा, कारण बदल तिथेच सर्वाधिक होतात, मग डायनॅमोडीबीचा. एपीआयची जी फंक्शन्स महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही ती तशीच राहू द्या. त्यांच्यात बदल करायची वेळ येईल तेव्हा हाच क्रम त्यांना लावा. स्वतःचा स्टॅक मात्र याच आठवड्यात उभा करा. त्याला कोड बदलावा लागत नाही, टेम्प्लेटमधली पक्की नावं काढली की झालं.